सुट्टीतली पंगत

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ या कायद्याच्या पाचव्या कलमात मुलांच्या जेवणाची जी तरतूद आहे, ती वयाच्या सहाव्या वर्षापाशी दुभंगते. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाला अंगणवाडीतून वयानुरूप आहार मोफत मिळेल, असे तिच्या पहिल्या भागात म्हटले आहे आणि तेथे सुट्टीचा उल्लेख नाही. सहा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलाला मात्र शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत दररोज एक वेळचे जेवण मोफत मिळेल, पण ते शाळेच्या सुट्ट्या वगळून, असे दुसरा भाग सांगतो. अंगणवाडीने वर्षाचे ३०० दिवस आहार द्यावा हा निकष असल्याने आणि मे महिन्यात सेविका व मदतनीस यांनी आलटून-पालटून सुट्टी घेण्याची पद्धत असल्याने तेथील चूल उन्हाळ्यात सहसा विझत नाही. परिणाम असा की एकाच घरातील चार वर्षांच्या धाकट्याला मे महिन्याच्या दुपारी गरम ताजा आहार मिळतो आणि त्याला कडेवर घेऊन अंगणवाडीपर्यंत पोहोचवणाऱ्या आठ वर्षांच्या बहिणीला तो मिळत नाही. तिची शाळा बंद आहे, एवढेच त्याचे कारण.

या नियमाला एक अपवाद आहे. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेत जेवण शिजवायचे, असा दंडक २००४ पासून आहे, आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे तालुके गेल्या दशकात दोनदा या अपवादात बसले. शिरूर तालुक्यातील न्हावरे आणि त्याभोवतीचा परिसर येथे पाहण्याजोगा आहे तो एवढ्यासाठी, की या अपवादाची गरज आणि त्याची मर्यादा अशा दोन्ही गोष्टी तेथे एकाच रस्त्यावर भेटतात.

दोन नद्यांमधला मुलूख

शिरूर तालुक्याच्या उत्तरेच्या अंगाने घोड नदी वाहते आणि दक्षिणेच्या अंगाने भीमा. या दोहोंमधील पट्टा पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यानंतरच्या कोरड्या भागात येतो. न्हावरे हे शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. हाच रस्ता पुढे भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरतो, त्यामुळे गावाचे व्यवहार दोन्ही तालुक्यांशी जोडलेले आहेत. रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच गावी आहे. अलीकडच्या हंगामांत त्याचे गाळप बंद पडले, तरी उसाचे क्षेत्र काही नाहीसे झाले नाही, तो ऊस आसपासच्या इतर कारखान्यांकडे आणि दौंडच्या बाजूच्या गुऱ्हाळांकडे जातो. घोड धरणाचा किंवा चासकमान धरणाचा कालवा ज्या शिवारांना भिजवतो तेथे ऊस आणि कांदा, आणि कालव्याचे पाणी जेथे चढत नाही तेथे बाजरी, ज्वारी व जनावरे, अशी एकाच तालुक्याची दोन रूपे दिसतात. दुष्काळाची यादी तालुका हे एकक धरून निघते, तेव्हा ही दोन्ही रूपे एका ओळीत येतात.

एप्रिल-मे हा या भागात रिकामपणाचा काळ नव्हे. उन्हाळी कांदा याच दिवसांत काढला जातो, कापला जातो, चाळीत भरला जातो आणि त्यासाठी बायकांच्या टोळ्या उन्हाच्या आधी शेतावर पोहोचाव्यात म्हणून पहाटेच टेम्पोत बसतात. घरची बाई पहाटे बाहेर पडते म्हणजे स्वयंपाक एक तर त्याआधी उरकलेला असतो किंवा थोरल्या मुलीवर सोपवलेला असतो. शाळेच्या दिवसांत ही मुलगी दुपारी पंगतीत बसलेली असते. सुट्टीत तीच चुलीपुढे असते. अशा घरातील मुलाच्या मे महिन्यातील दिवसाचा आहार सकाळी चहा आणि बटर, दुपारी सकाळची भाकरी व शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा, मधल्या वेळी पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट आणि रात्री आई परतल्यावर कालवण-भाकरी, असा साधारण असतो. याला उपासमार म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे नुकसानच केले आहे. पोट भरते, डाळ, भाजी आणि तेल यांचा दुपारचा वाटा तेवढा ताटातून जातो, आणि वाढीच्या वयात दीड महिना रोज तो वाटा जाणे ही गोष्ट लहान नाही.

हा वाटा नेमका केवढा, याचे मोजमाप अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात केले आणि ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाने शाळेच्या दिवशी काय खाल्ले आणि शाळा नसलेल्या दिवशी काय खाल्ले, याची तुलना त्यांनी केली. शाळेत मिळते म्हणून आईबाप घरचे ताट कमी करतात, अशी एक शंका नेहमी घेतली जाते. ती तेथे बव्हंशी खोटी ठरली आणि शाळेच्या जेवणातील पोषणाचा जवळपास निम्मा, काही घटकांच्या बाबतीत जवळपास सगळा भाग मुलाच्या दिवसभराच्या आहारात खरोखर जमा झालेला आढळला. जे मिळते तेव्हा जमा होते ते बंद झाले की वजा होते, हे त्यातून ओघानेच आले. आंध्र प्रदेशातील मुलांवर सिंग, पार्क आणि डेरकॉन यांनी केलेला दुसरा अभ्यास या विषयाच्या आणखी जवळचा आहे: लहानपणी दुष्काळ सोसलेल्या मुलांच्या वजन-उंचीत जी घट झाली होती, ती शाळेच्या जेवणाने पुढे भरून काढली, असा त्याचा निष्कर्ष आहे.

दुष्काळाच्या यादीतून आलेले ताट

शालेय पोषण आहाराची सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ रोजी झाली तेव्हा महाराष्ट्रात ताट नव्हतेच, तांदूळ होता. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की मुलाच्या पिशवीत तीन किलो तांदूळ पडत असे. अन्नाच्या हक्काबद्दलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्नच द्या असे बजावले, त्यानंतर राज्यात खिचडी आली आणि योजनेचे लोकांतील नावही खिचडीच पडले. त्याच खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावे असे सांगितले आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ती तरतूद आली. पुढे स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर १३ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी ती पुन्हा बजावताना, दुष्काळी राज्यांत मुलांना आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन दिवस, एक अंडे किंवा पेलाभर दूध किंवा तत्सम पौष्टिक पदार्थ द्यावा, अशी भर घातली. आदेश मेच्या मध्यावर आला, तोवर सुट्टी सुरू होऊन गेलेली होती.

शिरूर आणि दौंड दुष्काळाच्या यादीत आले ते पुढच्या दोन दुष्काळांत. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत. हे दोन्ही तालुके दोन्ही याद्यांत होते आणि त्यापुढील उन्हाळ्यांत, २०१९ व २०२४ मध्ये, यादीतील तालुक्यांच्या शाळांना सुट्टीतही आहार देण्याच्या सूचना गेल्या. ३१ ऑक्टोबर ही तारीख योगायोगाने जुळलेली नाही. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार पावसातील तूट, उपग्रहाने टिपलेला पिकांचा हिरवेपणा, जमिनीतील ओलावा, भूजल आणि पेरणी यांचे निर्देशांक पाहून, शेवटी प्रत्यक्ष शिवारात जाऊन पिकाची स्थिती तपासून खरिपाचा दुष्काळ ठरवला जातो, आणि ते काम ऑक्टोबरअखेर उरकायचे असते. म्हणजे येत्या मे महिन्यात कोणत्या तालुक्यांत चूल पेटवायची आहे, हे प्रशासनाला सहा महिने आधी ठाऊक असते. इतका अवधी फार थोड्या कल्याणकारी योजनांना मिळतो.

तरीही दुष्काळ जाहीर करणाऱ्या शासन निर्णयातील सवलतींची परिचित यादी वाचली तर तिच्यात जमीन महसुलातील सूट आहे, पीक कर्जाचे पुनर्गठन आहे, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती आहे, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट आहे, परीक्षा शुल्काची माफी आहे, रोजगार हमीचे शिथिल निकष आहेत, टँकर आहेत आणि टंचाईच्या गावांत पंपाची वीज न तोडण्याची हमी आहे. मुलाचे जेवण नाही. ते शिक्षण खात्याच्या स्वतंत्र पत्राने येते. परीक्षेची फी माफ करणे ज्या यादीला सुचले तिला भाकरी सुचू नये, याचा उलगडा एवढाच की ही यादी खातेदार शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून घडत गेली आणि मूल हे कोणत्याही सातबाऱ्यावर नसते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली पिढी अजूनही मिलोच्या लाल भाकरीबरोबर सुकडीचे नाव काढते. तेव्हा पौष्टिक पिठाची ती सुकडी कामावरच्या मजुरांना आणि मुलांना थेट हातात मिळे. मुलांचे खाणे हा दुष्काळी कामाचाच एक भाग आहे, ही समज त्या काळी प्रशासनात अधिक उघड होती, असे म्हणावे लागते.

चार किलो तांदूळ, आठशे ग्रॅम डाळ

पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ आणि त्या प्रमाणात बाकीचे, त्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, असा या जेवणाचा निकष आहे. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो आणि त्याचा पैसा केंद्र देते. डाळ, तेल, मसाला, भाजी व इंधन यांसाठी मुलामागे जो खर्च मंजूर होतो तो १ मे २०२५ पासून पहिल्या गटाला ६ रुपये ७८ पैसे आणि दुसऱ्याला १० रुपये १७ पैसे आहे. चाळीस मुलांच्या प्राथमिक शाळेचा एका दिवसाचा हिशेब त्यामुळे चार किलो तांदूळ, आठशे ग्रॅम डाळ, दोन किलो भाजी, दोनशे ग्रॅम तेल आणि सुमारे २७१ रुपये असा होतो. पटसंख्या पंचवीसपर्यंत असेल तर एक स्वयंपाकी, सव्वीस ते शंभरपर्यंत दोन आणि पुढे दर शंभरामागे आणखी एक, असे मनुष्यबळ धरलेले आहे.

हा सगळा हिशेब दर मुलामागे चालतो आणि उन्हाळी सुट्टीत तो नेमका तेथेच कोसळतो. चाळीसपैकी बाराच मुले आली तर तांदूळ एक किलो दोनशे ग्रॅम लागतो आणि खर्च सुमारे ८१ रुपये मंजूर होतो; परंतु गॅसची शेगडी तीच असते, डाळ शिजायला लागणारा वेळ तोच असतो, भाजीवाल्याकडे जाऊन येण्याचा फेरा तोच असतो आणि मोठ्या पातेल्याच्या तळाशी लागून वाया जाणारे अन्नही जवळपास तेवढेच असते. त्यात आज किती मुले येतील हे सकाळी सांगता येत नाही. शाळेच्या दिवसांत पहिल्या तासाला हजेरी होते आणि आकडा स्वयंपाकघरात जातो. सुट्टीत वर्ग नाही, म्हणून तास नाही, म्हणून आकडा नाही. अनुभवी स्वयंपाकी बाई अशा वेळी वाडीवरच्या पोरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवते, आणि ही विचारपूस कोणत्याही नमुन्यात नोंदली जात नसली तरी व्यवस्था तिच्यावरच तगते.

ऊन हा दुसरा प्रश्न. राज्याने ११ जून २०२४ च्या निर्णयाने नुसत्या खिचडीच्या जागी निरनिराळ्या पंधरा पाककृती सुचवल्या. त्यांत पुलाव, मसालेभात, मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगा घातलेले मुगाचे वरण, तांदळाची खीर, नाचणीचे सत्त्व अशी नावे आहेत. मेच्या उष्म्यात मटकीला मोड लवकर येतात खरे, पण तितक्याच लवकर ती चिकट होऊन वास मारू लागते; वरण दुपारपर्यंत ठेवले तर आंबते. म्हणून उन्हाळी जेवण सकाळी लवकर शिजवून ऊन चढण्याच्या आत वाढणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो, आणि त्या वेळी मुले भुकेली असतातच. अंड्याचा विषय निराळा. नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयाने आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असे सुरू झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला आणि अंडे व गोड पदार्थ लोकसहभागातून द्यावेत असे ठरवले. न्यायालयाने २०१६ मध्ये दुष्काळी मुलांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस अंडे, दूध किंवा तत्सम पदार्थाचा विचार केला होता, हे लक्षात घेतले तर अंतर किती पडले ते दिसते.

वाढण्यापूर्वी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी अन्न चाखावे आणि तशी नोंद चव नोंदवहीत करावी, असा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांचा दंडक आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातील विषबाधेने २३ मुले दगावली, त्यानंतर या चाखण्याला देशभर गांभीर्य आले. सुट्टीत या नियमाचे पालन करायचे तर एक शिक्षक हजर हवा. शिक्षक पाळीपाळीने येतात, सुट्टीत केलेल्या कामाबद्दल त्यांच्या खाती अर्जित रजा जमा होण्याची सोय आहे. तरी दूरच्या तालुक्यातून येऊन दोन तासांसाठी शाळा उघडणाऱ्याची कुरकुर अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

तांदळाबद्दलही एक बारीकशी अडचण दिसते. अलीकडे शाळांना येणाऱ्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व घातलेले कृत्रिम दाणे मिसळलेले असतात. ते रंगाने थोडे वेगळे दिसतात, पाण्यात तरंगतात, आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ठिकठिकाणी निवडून फेकले जातात. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते लोह असे सुपातूनच उडून जाते.

मामाचे गाव आणि उसाचा फड

उन्हाळी पंगतीला मुले कमी येण्याचे सर्वांत मोठे कारण कोणालाही ठाऊक आहे: सुट्टी लागली की मूल आजोळी जाते. न्हावऱ्याच्या शाळेच्या पटावरील मूल मे महिन्यात दौंडच्या किंवा श्रीगोंद्याच्या एखाद्या वाडीत असते आणि तिकडचे मूल न्हावऱ्यात. जेवणाचा हक्क पटाला बांधलेला असला तर दोघांनाही जेवण मिळत नाही आणि दोन्ही शाळांची उपस्थिती कमी दिसते. मग प्रतिसाद नाही असा शेरा बसतो. वास्तविक, गावात त्या दिवशी असलेले कोणतेही मूल पंगतीला बसू शकेल एवढा बदल केला तर भूगोलाचा हा घोटाळा मिटतो. पाहुण्या पोराला जेवू घालण्यासाठी त्याचा दाखला मागणे मराठी घराला जमत नाही. शाळेला मात्र नोंदवही सांभाळायची असते.

आजोळाची सोय ज्यांना नाही त्यांची गोष्ट अधिक बिकट आहे. ऊसतोडणीसाठी अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या पट्ट्यात कोप्या टाकतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्याबरोबर आलेले मूल हिवाळाभर फडाच्या कडेला असते. त्याचे नाव गावाकडच्या पटावर असते आणि पोट येथे असते, त्यामुळे साखरशाळेची किंवा जवळच्या शाळेची दारे त्याला उघडली नाहीत तर तो सबंध हंगाम शाळेच्या जेवणाशिवाय जातो. टोळी गावी परतते तोवर वार्षिक परीक्षा आलेली असते आणि लगेच सुट्टी लागते. पालक स्थलांतरित झाले तरी मुले गावातच राहावीत म्हणून चालवली जाणारी हंगामी वसतिगृहेही हंगामाबरोबर मिटतात. उचल फिटली की नाही याचा हिशेब घरात चाललेला, कोयत्याची कमाई संपत आलेली आणि पुढच्या पेरणीचा पत्ता नाही, अशा मे महिन्यात या मुलाला शाळेच्या जेवणाची सर्वाधिक गरज असते. पाऊस बरा झालेल्या वर्षी तर त्याचा तालुका यादीतही नसतो. दुष्काळ पावसाने मोजला जातो. या मुलाचा मे महिना पावसावर अवलंबून नाही.

इनामगावचे कोठार

धान्य साठवून वाटण्याची कल्पना या भागाला नवी नसावी. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, जेथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे दीड दशक उत्खनन केले. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती होती. वस्तीप्रमुखाचे म्हणून ओळखले गेलेले पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून असलेले धान्याचे कोठार तेथे सापडले, पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाट सापडला, आणि घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुलेही सापडली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी कोठार आणि प्रमुखाचे घर यांच्या शेजारावरून धान्य एकत्र करून पुन्हा वाटण्याच्या व्यवस्थेचा अंदाज बांधला. इसवी सनपूर्व १००० च्या पुढे हवामान कोरडे होत गेले, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती उतरणीला लागली आणि शिकार व पशुपालन वाढले, असे उत्खनन करणाऱ्या संशोधकांचे चित्र आहे. कोठार असूनही ती वस्ती टिकली नाही, एवढे सांगून येथून पुढे सरकणे बरे. प्राचीन पुराव्यांकडून आजच्या योजनांसाठी दाखले काढण्याची सवय फारशी चांगली नाही.

शिधा घरी द्यावा की शाळेत शिजवावे

सुट्टीतला शिधा घरी द्यावा की शाळेत शिजवून वाढावा, हा वाद २०२० च्या उन्हाळ्यात काही काळासाठी निकाली निघाला. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, त्या वर्षी केंद्राने देशभर उन्हाळी सुट्टीतही आहार देण्याचे जाहीर करून सुमारे १,६०० कोटी रुपयांचा वाढीव खर्च धरला, आणि महाराष्ट्रात तांदूळ व कडधान्ये मोजून पालकांच्या हाती दिली गेली. दुष्काळ जाहीर झालेला नसताना, सगळ्या जिल्ह्यांत, सुट्टीतल्या मुलाचा वाटा द्यायचा ठरवले तर देता येतो, हे त्या वर्षी दिसले. मात्र घरी गेलेला तांदूळ घरच्या डब्यात पडतो आणि घरातील सर्वांचा होतो. त्यात गैर काही नाही, पण मुलाच्या ताटात डाळ आली की नाही हे मग कोणी पाहत नाही, आणि ज्या घरची बाई पहाटे कांद्यावर जाते त्या घरी तो शिजवणार पुन्हा थोरली मुलगीच. शिजवलेल्या अन्नाची पंगत तिला चुलीपासून दीड-दोन तास मोकळे करते. शिवाय वाड्या-वस्त्यांवरची, निरनिराळ्या जातींची मुले एका ओळीत एका हातचे जेवतात, हेही केवळ शाळेच्या व्हरांड्यातच घडते. घरी नेलेल्या पिशवीत ते होत नाही.

अमेरिकेत हाच वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालला आहे. तेथील उन्हाळी भोजन कार्यक्रमाची सुरुवात १९६८ मध्ये झाली आणि १९७५ पासून तो स्वतंत्र योजना म्हणून चालतो. ज्या वस्तीत निदान निम्मी मुले मोफत किंवा सवलतीच्या शालेय जेवणास पात्र आहेत, तेथे शाळा, ग्रंथालय, चर्च किंवा बाग असे एखादे ठिकाण ठरते आणि तेथे येईल त्या मुलाला, नाव-गाव न विचारता, जेवण मिळते. प्रत्येक मुलाची पात्रता तपासण्याऐवजी वस्तीची पात्रता तपासण्याचा हा मार्ग आजोळी आलेल्या मुलांचा प्रश्न मुळातच निर्माण होऊ देत नाही. पण जेवण त्याच ठिकाणी बसून खाल्ले पाहिजे ही अट तेथेही होती, आणि विखुरलेल्या ग्रामीण भागात तीच अडसर ठरली. अखेर २०२३ पासून ग्रामीण मुलांना डबा घरी नेण्याची मुभा मिळाली आणि २०२४ पासून अनेक राज्यांत उन्हाळ्यासाठी मुलामागे १२० डॉलरचे किराणा कार्ड सुरू झाले. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने २०२० मध्ये जाहीर आग्रह धरल्यावर सरकार नमले आणि पुढच्या वर्षी सुट्टीतील खेळ व जेवण यांचा कार्यक्रम देशभर गेला. त्या कार्यक्रमात जेवणाला खेळाची जोड आहे, आणि न्हावऱ्यासारख्या गावाने तिथून काही उचलायचेच तर ही जोड उचलावी. नुसत्या जेवणासाठी वाडीवरून दोन किलोमीटर उन्हात न येणारे पोर क्रिकेटचा डाव आणि वाचायला चार पुस्तके असली तर येते.

किल्ली कोणाकडे

धान्य, पैसा आणि आदेश या तीनही गोष्टी जागेवर असूनही उन्हाळी पंगत अडते ती शाळेच्या दारापाशी. किल्ली मुख्याध्यापकाकडे, मुख्याध्यापक सुट्टीवर, गॅसची टाकी व तांदळाची पोती कुलपात आणि स्वयंपाकी बाई फाटकाबाहेर. गावातील गणेशोत्सवापासून हरिनाम सप्ताहापर्यंतची सारी अन्नदाने मात्र कुलपाशिवाय चालतात. चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा आणि सप्ताह असतात. सात दिवसांच्या पंगती सात घरांकडे किंवा आळ्यांकडे वाटून दिलेल्या असतात, गावच्या मालकीची मोठी पातेली असतात, आचारी ठरलेला असतो, वाढपी तरुण मंडळांतून मिळतात, आणि हजार माणसे जेवून उठली तरी कोणाच्या नोंदवहीत काही अडत नाही. म्हणजे मे महिन्यात शेकडो ताटे वाढण्याचे कौशल्य या गावांत नाही असे म्हणण्याची सोय नाही. पोषण आहार योजनेतही समाजाने वाढदिवस, पुण्यतिथी किंवा सणाच्या निमित्ताने मुलांना जेवण द्यावे यासाठी तिथी भोजनाची तरतूद आहे.

पण या दोन गोष्टी सहजी जुळत नाहीत, आणि त्या जुळतील असे गृहीत धरणारे शासन निर्णय थोडे भाबडे वाटतात. वर्गणी निघते ती बुंदीसाठी, जिलेबीसाठी, निमित्तासाठी. कोणत्याही निमित्ताशिवाय येणाऱ्या मंगळवारच्या मुगाच्या वरणासाठी ती निघत नाही. अंडे लोकसहभागावर सोपवल्यावर काय होईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. सप्ताहाचा आचारी सात दिवसांचे पैसे घेऊन पुढच्या गावी जातो. दीड महिना रोज सकाळी येऊन शेगडी पेटवणारे माणूस गावात एकच असते, आणि ती शाळेचीच स्वयंपाकी बाई असते. बहुधा ती त्याच शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलाची आई किंवा आजी असते, बरेचदा विधवा किंवा परित्यक्ता, आणि सुट्टीत काम नाही म्हणून तीही कांद्याच्या टोळीत जाते. तिला परत बोलवायचे तर टोळीतली रोजची मजुरी सोडून यावे लागेल एवढे काही द्यावे लागते. तिचे मानधन केंद्राने २००९ मध्ये महिना १,००० रुपये ठरवले, ते आजही तेवढेच आहे. महाराष्ट्राने आपली भर घालून ते अलीकडे २,५०० रुपयांपर्यंत आणले. चव नोंदवहीवर सही करणारे कोण, किल्ली ग्रामपंचायतीकडे ठेवावी की शाळा व्यवस्थापन समितीकडे, पाहुण्या मुलांची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे सारे प्रश्न गटशिक्षणाधिकाऱ्याच्या एका बैठकीत सुटण्यासारखे आहेत. मे महिन्यात स्वयंपाकी बाईचे मानधन कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे हा त्या बैठकीत न सुटणारा प्रश्न आहे, कारण केंद्राच्या निकषात तिचे वर्ष अजून दहाच महिन्यांचे आहे.